मिळून काम करणे : हाही शिकविण्याचाच विषय

(संस्थेच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



संस्थेच्या महोत्सवानिमित्त शिक्षणासंबंधी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा विश्वस्त मंडळींनी आम्हांस केली. शिक्षणाचा विषय अफाट आहे आणि सभेचा वेळ थोडा. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न घेणार आहोत. तो दिसायला लहान आहे, परंतु आमच्या मते गावाच्या उद्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. वर्गातल्या मुलांना एकमेकांबरोबर नीट काम करता यावे यासाठी शाळेने काय करावे, आणि शाळेच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेने काय करावे, हा तो प्रश्न. 'आम्ही' म्हणून जे बोलू ते पांढुर्णा-सौंसर भागातल्या वर्गांत रोज खडू हाती धरणाऱ्या शिक्षकांच्या वतीने बोलत आहोत, असे समजावे.

काठ्यांच्या मोळीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचली आहे. एकेक काठी सहज मोडते, मोळी मोडत नाही. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट आम्ही शिकवीत आलो आणि मुलेही तात्पर्य तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु मोळी बांधावी कशी, दोर कोठून आणावा, गाठ कशी मारावी, हे त्या गोष्टीत सांगितलेले नाही. एकी चांगली हे मुलाला ठाऊक असते. चौघांत बसून एक काम पुरे कसे करावे हे त्याला ठाऊक नसते. आपली समजूत अशी की, हा गुण घरच्या संस्कारातून आपोआप येतो. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे असेल, नसेल त्याच्याकडे नसेल. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. बेरीज-वजाबाकी जशी पायरीपायरीने शिकवावी लागते, तसेच मिळून काम करणेही शिकवावे लागते, त्याचा सराव घ्यावा लागतो आणि त्याची परीक्षाही पाहावी लागते. आजच्या भाषणाचा सारा मथितार्थ एवढाच आहे.

न शिकविता 'गट करा' म्हटले म्हणजे काय होते, ते कोणत्याही शाळेत पाहावे. चार-पाच मुले डोकी जवळ आणून बसतात. त्यांतला एक हुशार मुलगा कागद ओढून घेतो आणि लिहू लागतो. दुसरा त्याचे पाहून होकार भरतो. तिसरा खिडकीबाहेर बैलगाडी पाहतो. चौथ्याची आणि पाचव्याची पेन्सिलीवरून जुंपते. मुलींचा गट असेल तर अक्षर सुंदर येते. मुलामुलींचा मिळून असेल तर फळा पुसणे आणि कागद गोळा करणे मुलींकडे जाते आणि उभे राहून बोलणे मुलांकडे राहते. शेवटी एकाच्या डोक्यातून उतरलेल्या कागदावर पाचांची नावे पडतात. शिक्षक म्हणतो, गटाने काही होत नाही, नुसता गोंगाट होतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण जवळ बसणे म्हणजे मिळून काम करणे नव्हे. एका बाकावर पाच वर्षे बसूनही दोन मुले एकमेकांना परकी राहू शकतात.

आपल्या या भागात तर ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण ज्या राज्यात होतो त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि आपली राजधानी भोपाळ झाली. घराची भाषा मराठी, कचेरीची हिंदी, बाजार नागपूरचा, कागदपत्र भोपाळचे, असा आपला संसार तेव्हापासून चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी ही दुभाषी स्थिती तशीच आहे. आमच्या वर्गात एका बाकावर मराठी बोलणारे मूल असते, त्याच्या शेजारी घरी हिंदी बोलणारे, पलीकडे घरी उर्दू बोलून गल्लीत मराठी बोलणारे, आणि सातपुड्याच्या बाजूच्या खेड्यांत आईशी गोंडीत बोलणारे. पुस्तक मात्र सर्वांपुढे एकच. ज्याला पुस्तकाची भाषा परकी, ते मूल गप्प बसते. गप्प बसलेले मूल मठ्ठ ठरते. मठ्ठ ठरलेले मूल आठवीनंतर शाळेत दिसत नाही. सहकार्याचा प्रश्न हा केवळ शिष्टाचाराचा नाही, तो या गप्प बसलेल्या मुलाचा प्रश्न आहे, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे.

आणि दुसरी गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात जे होते ते येथे कोणास सांगावयास नको. मध्ये पळसाचा झेंडा रोवलेला, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर दगडांचा वर्षाव. दरवर्षी माणसे जखमी होतात. जीवही गेले आहेत. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही काठ पुन्हा एक होतात, हेही खरे. शासनाने बंदोबस्त केले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडेच वळले. गोटमारीच्या परंपरेचा निवाडा करण्यास आम्ही येथे उभे नाही. आम्हांस फक्त शिक्षकाच्या नजरेने एक गोष्ट दिसते. त्या दिवशी समोरासमोरच्या काठांवर उभी असलेली मुले दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात एका बाकावर येऊन बसतात. 'आपला काठ' आणि 'त्यांचा काठ' ही विद्या त्यांना कोणी फळ्यावर शिकविलेली नसते, तरी ती पक्की येते. कारण तिचा सराव होतो. मग 'आपले काम' ही विद्याही सरावाखेरीज कशी यावी?

काठ कसे पडतात आणि कसे बुजतात, याचा एक प्रसिद्ध प्रयोग १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात झाला. मुझफ्फर शेरीफ नावाच्या, मूळच्या तुर्कस्तानातील, मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांना एका शिबिरात नेले. मुले सारखीच, चांगल्या घरची, एकमेकांस अनोळखी. त्यांचे दोन गट केले, गटांनी आपापली नावे घेतली, आणि मग त्यांच्यात सामने लावले. थोड्याच दिवसांत शिव्यागाळी झाली, एकमेकांची निशाणे जाळली गेली, रात्री एकमेकांच्या झोपड्यांवर धाडी पडल्या. शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम त्या दोन्ही गटांना एकत्र जेवू घातले, एकत्र सिनेमा दाखविला. उपयोग झाला नाही. जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्नच फेकले. मग शिबिराचे पाणी बंद पडेल अशी योजना केली. बिघाड कोठे आहे हे शोधणे एका गटाच्या आवाक्यातले नव्हते. नंतर जेवण आणावयाची मोटार सुरू होईना. तेव्हा ज्या दोराने पूर्वी रस्सीखेच खेळले होते, तोच दोर मोटारीला बांधून दोन्ही गटांनी मिळून ती ओढली. अशी चार-सहा कामे झाल्यावर वैर ओसरले आणि घरी जाताना मुले मिसळून बसली.

यातला बोध आम्हांस फार मोलाचा वाटतो. उपदेशाने वैर गेले नाही. नुसत्या सहभोजनानेही गेले नाही. जे काम एकट्याने होत नाही आणि ज्याची गरज दोघांनाही आहे, अशा कामाने ते गेले. दोर तोच होता. ओढण्याची दिशा बदलली.

परंतु वर्गात रोज मोटार कोठून बंद पाडावी? याचे उत्तर १९७१ मध्ये टेक्सास राज्यातील ऑस्टिन गावी निघाले. तेथील शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले पहिल्यांदाच एकत्र बसू लागली होती आणि भांडणे विकोपास गेली होती. एलियट अरॉन्सन या प्राध्यापकांनी युक्ती काढली ती अगदी साधी. धडा गटातल्या मुलांमध्ये तुकडे करून वाटावा. प्रत्येकाकडे एकच तुकडा. परीक्षा मात्र साऱ्या धड्यावर आणि प्रत्येकाची वेगळी. झाले! ज्याला पूर्वी सगळे हसत, त्याचे बोलणे आता कान देऊन ऐकणे भाग पडले; कारण त्याचा तुकडा दुसऱ्या कोणाजवळ नाही.

ही युक्ती परदेशी म्हणून दूर ठेवण्याचे कारण नाही. आपल्याकडे ती संत्र्याच्या बागेतही लावता येते, ती कशी हे जरा विस्ताराने सांगतो. सातवी-आठवीचा वर्ग घ्या. चार-चार मुलांच्या टोळ्या करा. विषय : आपली संत्र्याची बाग. चार चिठ्ठ्या लिहा. पहिल्या चिठ्ठीत कलमाची माहिती : जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा का बांधतात आणि कसा बांधतात. दुसरीत बहाराची माहिती : झाडाला पाणी तोडून ताण दिला म्हणजे ते फुलावर येते, हिवाळ्यात ताण देऊन जानेवारीच्या सुमारास पाणी सोडले तर आंबिया बहार, त्याचे फळ दिवाळीच्या आगेमागे, उन्हाळ्यातला ताण मृगाच्या पावसाने सुटला तर मृग बहार, त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिसरीत रोगाची माहिती : खोडाशी पाणी साचले की डिंक्या लागतो, म्हणून दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवावे आणि खोडाला बोर्डो मलम लावावे. चौथीत हिशेब : झाडे वीस-वीस फुटांवर लावली तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांत सुमारे १०८ झाडे बसतात, पुढे फळांची मोजणी, पेट्या, भाडे आणि भाव.

आता सर्व टोळ्यांतली पहिल्या चिठ्ठीची मुले एका कोपऱ्यात जमतात, दुसरीची दुसऱ्या कोपऱ्यात, याप्रमाणे चारही. तेथे ती आपला तुकडा समजून घेतात, अडले तर गुरुजींना विचारतात, आणि 'हे आपण टोळीत कसे सांगू' याचा विचार करतात. दहा मिनिटांनी प्रत्येक जण आपल्या टोळीत परत येऊन बाकीच्या तिघांना शिकवितो. शेवटी गुरुजी प्रश्न घालतात, तो असा की, एका चिठ्ठीने त्याचे उत्तर निघू नये. 'दोन एकराची बाग आहे, मृग बहार धरावयाचा आहे, आणि जमीन पाणी धरून ठेवणारी आहे. पाणी केव्हा तोडाल, आळे कसे कराल, आणि मलम किती झाडांना लावावे लागेल?' चारही चिठ्ठ्या समजल्या असतील तरच हे सुटते. आणि उत्तर कोण देणार, ते चिठ्ठी टाकून ठरवावयाचे. टोळीतल्या कोणाचेही नाव निघू शकते. म्हणून हुशार मुलाला आपले कागदात आणि दुबळ्या मुलाला आपले गप्पपणात लपता येत नाही.

असा धडा चालू असता आणखी एक गोष्ट घडते. बाग ज्याच्या बापाची आहे तो मुलगा भाव सांगतो, जात सांगतो. पण ज्याची आई तोडणीला मजुरीने जाते, त्या मुलाला दुसरे काही ठाऊक असते. फळ ओढून तोडले तर देठाशी साल फाटते आणि पेटीत तेच फळ आधी सडते, हे तो सांगतो. हे कोणत्याच चिठ्ठीत नसते. मालकाचे मूल मजुराच्या मुलाकडून शिकते, आणि दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. आमच्या मते शाळेचा खरा महोत्सव हा.

आता नियम. सहकार्य नियमांवाचून उभे राहत नाही, आणि नियम थोडेच असावेत. टोळी चौघांची असावी. पाच-सहा झाले की एखादे मूल कडेला पडते. टोळी गुरुजींनी करावी, मुलांनी आपापल्या दोस्तांची करू नये; तीत मोहल्ला, भाषा, हुशारी आणि मुलगे-मुली यांची सरमिसळ असावी, आणि दीड-दोन महिने ती मोडू नये. कामे चार : एक वाचणार, एक लिहिणार, एक साहित्य सांभाळणार, एक वर्गापुढे बोलणार. दर आठवड्याला ही कामे पाळीपाळीने फिरावीत, म्हणजे झाडू एकाच्या हाती आणि भाषण एकाच्याच तोंडी राहत नाही. टोळीला कागद एक आणि लेखणी एक द्यावी; चार दिल्या की चौघे चार कामे वेगळी करू लागतात. अडले तर आधी तिघांना विचारावे, मग गुरुजींना.

सर्वांत अवघड नियम मतभेदाचा. 'तू चूक' असे न म्हणता 'मला तसे वाटत नाही, कारण…' असे म्हणावे. हे वाक्य मुलांकडून पाठ करून घ्यावे, जसे पाढे करून घेतो तसे. 'कारण' म्हटल्यावर पुढे काहीतरी सांगावे लागते, आणि सांगता सांगता रागाचा जोर कमी होतो. तसेच, दुसऱ्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगून दाखवावे आणि मग आपले मांडावे, हीही सवय लावण्याजोगी आहे. मोठ्या माणसांच्या सभांतही ही सवय नाही, असे कोणी म्हणाल. म्हणूनच ती लहानपणी लावावी, असे आमचे उत्तर आहे.

भाषेबद्दल आम्ही असे सुचवितो की, टोळीत बोलताना मुलांनी ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलावे, मराठीत, हिंदीत, उर्दूत, गोंडीत. लिहिताना मात्र शाळेच्या भाषेत लिहावे. गोंडी बोलणाऱ्या मुलाचा विचार त्याच्या भाषेत फुलतो आणि शेजाऱ्याच्या मदतीने पुस्तकाच्या भाषेत उतरतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही जेथे शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शासन सर्व भाषांची पुस्तके देईल तेव्हा देवो. शेजारच्या बाकावरचा दुभाषी आजच हजर आहे, आणि फुकट आहे.

हे सर्व पुस्तकी आहे, आपल्या खेड्यांतल्या शाळांत चालणार नाही, असे कोणास वाटेल. त्यांना आम्ही पांढुर्ण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेने इटारसीपर्यंत येण्याची विनंती करतो. इटारसी ज्या होशंगाबाद जिल्ह्यात आहे, आणि ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, तेथे १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा नवा उपक्रम सुरू केला. मुले चौघाचौघांच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे लिहीत, त्यांवर वाद घालीत, आणि मग नियमाकडे येत. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक. त्यात उत्तरे तयार दिलेली नसत, म्हणून परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती. १९७८ मध्ये शासनाने हा उपक्रम साऱ्या जिल्ह्याच्या माध्यमिक शाळांत नेला आणि १९८२ मध्ये त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था उभी राहिली. या शाळा मोठ्या शहरांतल्या नव्हत्या. नर्मदाकाठच्या खेड्यांतल्या साध्या सरकारी शाळा होत्या. २००२ मध्ये शासनाने हा उपक्रम बंद केला. तरी तीस वर्षे आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच मुलांनी चौघांत बसून विज्ञान शिकून दाखविले, ही गोष्ट बंद होण्यासारखी नाही.

आणि दक्षिणेकडे पाहावे तर वर्धा. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. तेच डॉ. झाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. चरखा, शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे शाळेत आणण्यामागे मुलाच्या हाताला कसब यावे हा हेतू होताच. पण कामासाठी मुलाने मुलावर विसंबावे आणि त्यातून समाजात राहण्याची रीत शिकावी, हाही त्यातला मोठा भाग होता. आपल्या शेतकऱ्यांना तर हे नवे नाही. आज माझ्या वावरात तुमची बैलजोडी, उद्या तुमच्या वावरात माझी. मराठीत याला सावड म्हणतात. सावडीत हिशेब असतो, शब्द असतो, आणि जो येत नाही त्याला पुढल्या वेळी कोणी बोलावीत नाही. वर्गातली टोळी ही अभ्यासाची सावड आहे.

आता पालकांच्या दोन तक्रारी. पहिली : 'आमचा मुलगा हुशार आहे, दुसऱ्यांना शिकविण्यात त्याचा वेळ का घालविता?' यावर आमचे नम्र निवेदन असे की, शिकविल्याशिवाय पक्के येत नाही, हे कोणताही शिक्षक शपथेवर सांगेल. अपूर्णांकांचा भागाकार स्वतः करणे वेगळे आणि 'भाजक उलटा का करावयाचा' असे शेजाऱ्याने विचारल्यावर त्याची समजूत घालणे वेगळे. दुसऱ्यात हुशार मुलाचेच ज्ञान तपासले जाते. दुसरी तक्रार अशी : 'वर्गात गोंगाट होतो.' होतो. बाजारातही होतो आणि कारखान्यातही होतो. गोंगाट कशाचा आहे ते पाहावे. एक खूण ठरवून ठेवावी, गुरुजींनी हात वर केला की ज्याने पाहिला त्याने हात वर करून गप्प व्हावे. सरावाने पन्नासांचा वर्ग थोडक्यात शांत होतो.

तसेच सर्वच गोष्टी टोळीत कराव्यात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पाढे, शुद्धलेखन, मनातल्या मनात वाचणे, ही ज्याची त्याने करावयाची कामे. आठवड्यातून दोन-तीन तास टोळीला दिले तरी पुरे. बाके हलत नसतील तर पुढल्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसावे, टोळी झाली. यासाठी इमारत नको, यंत्र नको, की वेगळा शिक्षक नको.

मात्र शिक्षकांनी एक गोष्ट करावी लागेल. जे आपण मुलांना सांगतो ते शिक्षकांच्या खोलीत दिसले पाहिजे. गणिताचा शिक्षक आणि भाषेचा शिक्षक एकमेकांच्या तासाला बसतात का? धडा मिळून आखतात का? १८४८ पासून पुण्यात मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी १८५६ च्या आपल्या पत्रात, आपण आजारपणामुळे दूर असता फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे. दोन वेगळ्या धर्मांच्या, दोन वेगळ्या घरांच्या स्त्रिया एका शाळेचे ओझे वाटून घेत होत्या आणि एकीला दुसरीच्या वाट्याची चिंता होती. आपल्या वाट्याबरोबर दुसऱ्याच्या वाट्याची काळजी, एवढीच सहकार्याची व्याख्या आम्ही करू.

आता शेवटी, संस्थेपुढे एक मागणे. आपल्या संस्थेसारख्या संस्था गरीब मुलांना वह्या-पुस्तके देतात, शिष्यवृत्त्या देतात, पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांचा सत्कार करतात. हे पुण्यकर्म आहे आणि ते चालू राहावे. परंतु थोडा विचार करावा. दरवर्षी व्यासपीठावर येऊन हार घेणारे मूल एक असते आणि खाली बसून टाळ्या वाजविणारी एकोणपन्नास असतात. आपले पैसे दरवर्षी त्या एकोणपन्नासांना काय शिकवितात? की, दुसऱ्याचे न कळणे हे माझ्या फायद्याचे आहे. आम्ही वर्गात 'शेजाऱ्याला सांग' म्हणतो आणि बक्षिसाचा दिवस म्हणतो, 'सांगू नकोस.' मुले चाणाक्ष असतात. ती बक्षिसाचे ऐकतात.

म्हणून आमची विनंती अशी की, या महोत्सवी वर्षापासून संस्थेने एक बक्षीस असे ठेवावे जे एकट्या मुलाला मिळणार नाही. वर्षाच्या आरंभी वर्गातले प्रत्येक मूल किती वाचते आणि किती गणित करते ते पाहावे. वर्षाच्या शेवटी पुन्हा पाहावे. आणि ज्या वर्गातले एकही मूल मागे राहिले नाही, त्या साऱ्या वर्गाला बक्षीस द्यावे. ते रोख नसावे. भिंग, मोजपट्टी, तराजू, नकाशे आणि चार-चार प्रतींचे पुस्तकसंच यांची एक पेटी असावी, म्हणजे पुढल्या वर्षीच्या टोळ्यांना तिचा उपयोग होईल. खर्च एका सत्कार समारंभाहून फारसा जास्त येणार नाही. आणि अशा पेटीसाठी पांढुर्ण्याची एक शाळा आणि सावरगावची एक शाळा यांनी मिळून नदीची मोजणी करावी, पात्राची रुंदी, पावसाळ्यातली पाण्याची उंची, काठची झाडे, अशी अट संस्थेने घातली तर आमच्या आनंदास पार राहणार नाही. नदीच्या रुंदीचे माप घ्यावयाचे तर फितीचे एक टोक या काठावर आणि दुसरे त्या काठावर धरावेच लागते.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मूल घरी आले की 'किती मार्क मिळाले' हे विचारावेच. त्याबरोबर 'आज कोणाला काय सांगितलेस, आणि कोणाकडून काय शिकलास' हेही विचारावे. रोज विचारले जाणारे प्रश्न मूल रोज तयार करून आणते.

बोरगावच्या कारखान्यात जा, संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या मांडवात जा, दवाखान्यात जा, की शेतात जा. उद्या या मुलांना एकट्याने करावयाचे काम फारच थोडे मिळणार आहे. ज्यांच्याशी पटते त्यांच्याबरोबरच काम करावयास मिळेल अशीही हमी नाही. न पटणाऱ्याबरोबरही सचोटीने काम पुरे करता येणे, हीच उद्याची पोटापाण्याची विद्या आहे, आणि हीच आपल्या गावाच्या सलोख्याची. ती विद्या आठ-दहा वर्षांच्या वयात चार जणांच्या टोळीत शिकता येते. चाळिशीत सभा भरवून शिकविणे कठीण जाते.

आपली संस्था हीदेखील एक सावडच आहे. कोणी पैसा दिला, कोणी वेळ दिला, कोणी शब्द दिला; प्रत्येकाचा तुकडा वेगळा होता, म्हणून आजचा दिवस दिसला. तीच रीत वर्गापर्यंत पोहोचविण्यास संस्थेने हात द्यावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.